उतरता रकाना

वेल्च हे गाव वेस्ट व्हर्जिनियाच्या अगदी दक्षिण टोकाला आहे. टग फोर्क नदीला एल्कहॉर्नचा ओढा जिथं मिळतो तिथं, दोन्ही बाजूंच्या डोंगरांनी चेपून धरलेलं. १९४१ साली या गावानं गाड्या लावायला बहुमजली इमारत बांधली. नगरपालिकेच्या मालकीचा असा वाहनतळ अख्ख्या अमेरिकेत पहिलाच, असं वेल्चचे लोक अजून सांगतात. न्यूयॉर्क-शिकागोच्या आधी हा मान सहा हजार वस्तीच्या डोंगरी गावाकडे जावा याचं नवल वाटतं. पण कारण साधं होतं. शनिवार आला की आसपासच्या खाणींवरची माणसं खिशात पगार घेऊन वेल्चमध्ये उतरत. गाड्या लावायला सपाट जमीन नव्हती, म्हणून मग मजल्यावर मजला. पार्किंगवरून रोज शेजाऱ्याशी भांडणाऱ्या पुणे-ठाण्याच्या वाचकाला हे निराळं समजावून सांगायला नको.

या गावाचा आज उल्लेख होतो तो वेगळ्या कारणासाठी. वेल्च हे मॅकडॉवेल काउंटीचं मुख्यालय आहे आणि अमेरिकेतल्या दारिद्र्यावर, नशेवर, कमी आयुर्मानावर कुणालाही लेख लिहायचा झाला की तो मॅकडॉवेलपर्यंत पोहोचतोच. मी तिथं गेलेलो नाही. माझी ओळख झाली ती जनगणनेच्या तक्त्यातून. एकाखाली एक लिहिलेले सतरा आकडे, दर दहा वर्षांचा एक. गाडीच्या वेळापत्रकासारखे ते वाचून पुढे जाता येतं. मला जाता आलं नाही.

अमेरिकेतली काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा, असं भाषांतर होतं. पण ते फसवं आहे. तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत तिथं. मॅकडॉवेलचं क्षेत्रफळ ५३५ चौरस मैल, म्हणजे आपला एखादा मोठा तालुका. मात्र या तालुक्याएवढ्या मुलखाला स्वतःचं न्यायालय असतं, निवडून दिलेला शेरीफ असतो, जमिनीची किंमत ठरवून कर लावणारा निवडून दिलेला अधिकारी असतो आणि शाळा चालवणारं निवडून दिलेलं मंडळ असतं. शाळांचा पैसा बऱ्याच अंशी जमिनीवरच्या करातून येतो. जमीन कुणाच्या नावावर आहे, या प्रश्नाला म्हणून तिथं फार महत्त्व. त्याकडे नंतर वळू.

१८५८ साली टॅझवेल काउंटीतून ही नवी काउंटी कापून काढली, व्हर्जिनियाचे एक गव्हर्नर जेम्स मॅकडॉवेल यांचं नाव तिला दिलं. १८६० ची लोकसंख्या १,५३५. डोंगरउतारावर मका, रानात सोडलेली डुकरं, शिकार. १८८० ला ३,०७४. इथवर काही घडत नाही. मग १८८८ मध्ये नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेनं डोंगर फोडून बोगदा काढला आणि पोकाहोंटास क्षेत्रातला कोळसा एल्कहॉर्नच्या खोऱ्यातून बाहेर पडू लागला. हा कोळसा काही साधा नव्हता. धूर अगदी कमी, उष्णता भरपूर. आरमाराच्या जहाजांना तो हवा होता आणि पोलादाच्या भट्ट्यांना लागणारा कोक त्याचा उत्तम होई. थराची उंचीही भली, काही ठिकाणी माणूस ताठ उभा राहून काम करील इतकी.

तक्ता आता धावायला लागतो. १८९० ला ७,३००. १९०० ला १८,७४७. १९१० ला ४७,८५६. वीस वर्षांत साडेसहा पट!

एवढी माणसं आली कुठून? डोंगरातले मूळ शेतकरी तर पुरणार नव्हतेच. कंपन्यांचे मुकादम दक्षिणेतल्या राज्यांत गेले आणि कापसाच्या शेतांतून, वाट्याच्या शेतीतून सुटू पाहणाऱ्या काळ्या माणसांना घेऊन आले. दुसरे मुकादम बंदरांवर उभे राहिले आणि हंगेरी, इटली, पोलंडहून उतरणाऱ्यांना आगगाडीत बसवून त्यांनी थेट इथं आणलं. १९१० मध्ये काउंटीतल्या दर दहा माणसांत तीन कृष्णवर्णीय होती. अपालाचियाच्या डोंगरात फक्त गोरे, दाढीवाले, बॅन्जो वाजवणारे लोक राहतात, ही सिनेमानं पसरवलेली समजूत मॅकडॉवेलपुरती तरी साफ खोटी. शेजारच्या व्हर्जिनियात काळ्या माणसाचा मताधिकार कायद्यानं जवळपास काढून घेतला होता. वेस्ट व्हर्जिनियात तो शाबूत राहिला. त्यामुळे इथल्या काळ्या खाणकामगारांच्या मताला वजन होतं, त्यांची वर्तमानपत्रं होती, वकील होते, डॉक्टर होते. ‘मॅकडॉवेलचं स्वतंत्र राज्य’ असं टोपणनाव काउंटीला पडलं ते याच काळात. १९२८ मध्ये कीस्टोनच्या मिनी बकिंगहॅम हार्पर राज्याच्या विधिमंडळावर नेमल्या गेल्या. अमेरिकेत विधिमंडळात बसलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. त्याच वर्षी किंबल गावात पहिल्या महायुद्धात लढलेल्या काळ्या सैनिकांचं स्मारकभवन उभं राहिलं. त्याचे उंच खांब आजही हमरस्त्यावरून दिसतात.

स्वातंत्र्य मात्र मतपेटीपुरतं. राहायचं ते कंपनीच्या घरात, दुखलंखुपलं तर कंपनीचा डॉक्टर, खरेदी कंपनीच्या दुकानात. पगाराआधी पैसे लागले तर डॉलरऐवजी कंपनीची धातूची नाणी मिळत, जी फक्त त्या दुकानात चालत. आपल्याकडच्या ऊसतोड कामगाराला ‘उचल’ समजावून सांगावी लागत नाही. ही तीच चीज, वेगळ्या टांकसाळीतली. युनियनचं नाव काढणाऱ्याला त्याच दिवशी घर खाली करावं लागे. १ ऑगस्ट १९२१ रोजी, मेटवानचा पोलीसप्रमुख सिड हॅटफिल्ड आणि त्याचा सोबती एड चेंबर्स वेल्चच्या न्यायालयाच्या पायऱ्या चढत असताना कंपन्यांच्या खाजगी हेरांनी त्यांना गोळ्या घातल्या. हॅटफिल्ड युनियनच्या बाजूचा म्हणून प्रसिद्ध होता. त्या खुनांवरून पेटलेले हजारो खाणकामगार महिनाअखेर बंदुका घेऊन ब्लेअर माउंटनवर चाल करून गेले. मॅकडॉवेलमध्ये युनियनचा पाय पक्का रोवला गेला तो पुढे १९३३ मध्ये, रूझवेल्टच्या काळात. खाण मात्र युनियनला जुमानत नसते. १० जानेवारी १९४० रोजी बार्टलीच्या खाणीत स्फोट झाला आणि ९१ माणसं गेली.

१९५० ला रकाना शिखरावर पोहोचतो: ९८,८८७. त्याच्या खालचा आकडा, १९६० चा, ७१,३५९. मग १९७० ला ५०,६६६.

वीस वर्षांत निम्मी काउंटी उठून गेली. हे वाचताना मनात पहिलं येतं ते ‘कोळसा संपला असेल’. तो संपला नव्हता, आणि या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. १९४८ च्या सुमारास एक यंत्र बाजारात आलं. ते दात असलेल्या फिरत्या ढोलानं कोळशाचा थर खरवडत जातं आणि मागच्या पट्ट्यावर टाकत जातं. सुरुंग, कुदळ, फावडं आणि ती धरणारे बरेचसे हात, सगळंच अनावश्यक झालं. १९५० मध्ये खाणकामगारांचे पुढारी जॉन एल. लुईस यांनी मालकांशी मोठा करार केला. यंत्रांना युनियन आडवी येणार नाही; बदल्यात निघालेल्या प्रत्येक टनामागे ठरावीक रक्कम कामगारांच्या आरोग्य आणि निवृत्तिनिधीत जमा होईल. लुईस यांचा हिशेब असा, की कमी कामगार असले तरी चालतील, पण असतील ते चांगल्या पगाराचे असावेत. जे उरले त्यांच्यासाठी तो हिशेब बरोबर ठरला. जे उरले नाहीत, ते कुठल्याही करारावर सही करायला बसले नव्हते.

१९६० च्या निवडणुकीत जॉन केनेडी वेस्ट व्हर्जिनियात खूप फिरले. प्रोटेस्टंटबहुल राज्यात कॅथलिक उमेदवार निवडून येतो का, याची ती परीक्षा होती. प्रचारात पुढे त्यांनी मॅकडॉवेलचं उदाहरण नाव घेऊन दिलं. ही काउंटी पूर्वी कधी काढला नव्हता इतका कोळसा काढते आहे, आणि सरकारी शिध्याची पाकिटं घेणारी सर्वांत जास्त माणसंही इथंच आहेत. कारण माणसांची कामं यंत्रं करू लागली आहेत, असा त्यांचा मुद्दा. उत्पन्न वाढतं आणि त्याच वेळी उपासमारही वाढते, हे विसंगत वाटणारं गणित इतक्या थोडक्यात फार कमी राजकारण्यांनी मांडलं असेल.

निवडून आल्यावर त्यांनी अन्नकुपनांची प्रायोगिक योजना सुरू केली. २९ मे १९६१ रोजी वेल्चमध्ये पहिली कुपनं देण्यात आली. द्यायला शेतीखात्याचे मंत्री ऑरव्हिल फ्रीमन स्वतः आले होते. घेणारा होता एक बेकार खाणकामगार, त्याच्या घरात पंधरा तोंडं. ९५ डॉलरची कुपनं हाती आली आणि गावातल्या किराणा दुकानात पहिली वस्तू घेतली गेली ती डुकराचं मांस घातलेल्या घेवड्याचा डबा. आज अमेरिकेत चार कोटींच्या आसपास माणसं ज्या योजनेवर अवलंबून आहेत, तिची बोहनी ही अशी झाली. योजनेची पंचविशी, पन्नाशी आली की पत्रकार वेल्चला जातात, तेच रस्ते, तीच बंद दुकानं पाहतात आणि ‘काहीच बदललं नाही’ असं लिहितात. मला हे वाक्य खटकतं. बदललं की. दर पाच माणसांतली चार तिथून निघून गेली.

ती गेली डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांकडे, क्लीव्हलंड-ॲक्रनकडे, कॅरोलायनाकडे. ‘हे लोक उठून दुसरीकडे का जात नाहीत?’ हा शहरी माणसाचा आवडता प्रश्न मॅकडॉवेलच्या बाबतीत विचारावा हे म्हणूनच विनोदी आहे. कोकणातल्या ज्या घरातून दोन पिढ्या गिरणीसाठी मुंबईला गेल्या, त्या घरातल्या म्हातारीला कुणी विचारावं की तुमच्याकडची माणसं मुंबईला का जात नाहीत, तसं.

१९७० च्या दशकात तेलाच्या किमती भडकल्या, कोळशाला पुन्हा भाव आला आणि १९८० चा आकडा ४९,८९९ वर जवळपास थबकला. तक्त्यातला हा एकच श्वास. पुढच्या दशकात अमेरिकन पोलाद उद्योग ढासळला. काउंटीतलं गॅरी हे गाव यू. एस. स्टील या कंपनीनं वसवलं होतं. कंपनीचे अध्यक्ष एल्बर्ट गॅरी यांचंच नाव त्याला. इंडियानातलं पोलादाचं प्रसिद्ध गॅरी शहर आणि हे डोंगरातलं गॅरी ही एकाच माणसाच्या नावाची दोन टोकं. एकीकडे कोळसा निघायचा, दुसरीकडे भट्टी पेटायची. १९८० च्या दशकाच्या मध्यावर कंपनीनं इथल्या खाणी बंद केल्या आणि हजाराच्या वर नोकऱ्या एका झटक्यात गेल्या. १९९० ला ३५,२३३. नंतर २७,३२९, नंतर २२,११३. २०२० ला १९,१११.

त्या १९,१११ मध्येही एक मेख आहे. २०१० मध्ये इथं केंद्र सरकारचा तुरुंग सुरू झाला. अमेरिकेची जनगणना कैद्याला तो जिथं डांबलेला असेल तिथला रहिवासी धरते. वेल्चमधल्या एका जुन्या रुग्णालयाच्या इमारतीतही राज्याचा तुरुंग आहे. म्हणजे लोकसंख्येतला हजाराहून अधिक जणांचा तुकडा अशा माणसांचा, ज्यांना काउंटी सोडून जायची परवानगीच नाही. तुरुंगानं नोकऱ्या आणल्या, हे खरं. पण मानसिक तपासणी, कर्जाची तपासणी, नशेची तपासणी पार करून त्या नोकऱ्यांपर्यंत पोहोचणं स्थानिक तरुणांना अवघड गेलं.

उरलेल्यांचं चित्र आकड्यांत असं. मध्यम वय पंचेचाळिशीच्या पलीकडे, देशाचं अडतीस-एकोणचाळीस. साधारण तीनपैकी एक माणूस दारिद्र्यरेषेखाली. कुटुंबाचं मध्यम उत्पन्न देशाच्या निम्म्याहून कमी. काउंटीतल्या लोकांच्या हाती येणाऱ्या एकूण पैशातला जवळपास निम्मा पैसा सरकारी: म्हातारपणाचं निवृत्तिवेतन, अपंगत्वाचा भत्ता, अन्नकुपनं, वैद्यकीय मदत आणि कोळशाच्या धुळीनं फुप्फुस निकामी झालेल्यांचा भत्ता. हा शेवटचा भत्ता १९६९ च्या कायद्यानं आला, तोही फार्मिंग्टनच्या खाणीत ७८ माणसं गेल्यावर आणि खाणकामगारांनी संप करून राज्य ठप्प केल्यावर. त्याला खैरात म्हणणाऱ्यानं आधी एकदा अशा माणसाचा श्वास ऐकावा.

एक आकडा मात्र उलटा: चारपैकी किमान तीन कुटुंबं स्वतःच्या मालकीच्या घरात राहतात. देशाच्या सरासरीहून जास्त. खाणी आटोपत्या घेताना कंपन्यांनी घरं राहणाऱ्यांनाच विकून टाकली. त्याबरोबर नळ आणि गटारंही गळ्यात घातली. कंपनीनं शंभर वर्षांपूर्वी टाकलेले पाइप अजून काही ठिकाणी जमिनीखाली आहेत. कीस्टोनच्या लोकांनी वर्षानुवर्षं ‘पाणी उकळून प्या’ या सूचनेखाली दिवस काढले. अनेक ठिकाणी माणसं डोंगरातून पाझरणारं किंवा बंद खाणीच्या तोंडातून येणारं पाणी रस्त्याकडेला गाडी लावून डब्यांत भरून नेतात, आणि पुष्कळ घरांचं सांडपाणी सरळ पाइपनं ओढ्यात जातं. घर आपलं असतं, पण विकायला काढलं तर घेणार कोण? घराची मालकी इथं दाव्यासारखी पायात आहे.

आयुर्मानाचा आकडा सर्वांत जास्त छापला गेला. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साठी काढलेल्या हिशेबानुसार मॅकडॉवेलमधला पुरुष सरासरी ६४ वर्षं जगत होता, स्त्री ७३. साडेतीनशे मैलांवर, राजधानीला खेटून असलेल्या श्रीमंत फेअरफॅक्स काउंटीतला पुरुष ८२. त्याच सुमारास भारतातल्या पुरुषाचं सरासरी आयुर्मान सहासष्टच्या आसपास होतं, म्हणजे मॅकडॉवेलपेक्षा वर. तंबाखू, साखर, हृदयविकार ही कारणं जुनी. त्यात वेदनाशामक गोळ्यांची भर पडली. कंबर मोडलेल्या खाणकामगाराला डॉक्टरनं लिहून दिलेली गोळी घरात आली आणि घरातल्या इतरांपर्यंत गेली. नशेच्या अतिसेवनानं होणाऱ्या मृत्यूंच्या दरात ही काउंटी अनेक वर्षं देशात वरच्या ओळीत होती. डिसेंबर २०१६ मध्ये काउंटीनं औषधांच्या बड्या घाऊक वितरकांवर दावा ठोकला. अशा दाव्यांतला तो सुरुवातीचा. शाळेतली जवळपास निम्मी मुलं आईबापांजवळ राहत नाहीत. आजी, मावशी, शेजारी त्यांना वाढवतात.

त्याच २०१६ च्या जानेवारीत किंबलजवळचं वॉलमार्ट बंद झालं. छोट्या दुकानांचा घास घेणारं म्हणून वॉलमार्टवर अमेरिकेत टीका होते, ती योग्यच आहे. पण मॅकडॉवेलला वॉलमार्ट आलं तेव्हा गिळण्याजोगी दुकानं फारशी उरलीच नव्हती. दहाएक वर्षं ते काउंटीतलं मोठं रोजगार देणारं ठिकाण होतं, आणि ताजी भाजी मिळायची, माणसं भेटायची, ती एकमेव हक्काची जागा. कंपनीनं जगभरातली २६९ दुकानं एकाच घोषणेत बंद केली, त्यातलं हे एक. दीडएकशे नोकऱ्या गेल्या. दुकानातून उरलेलं अन्न गरिबांसाठीच्या स्थानिक अन्नपेढीकडे जायचं, तेही थांबलं. भाजीसाठी तासाभराचा वळणावळणाचा घाट आला.

राजकारणाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर गरजेपेक्षा जास्त लिहिलं गेलं आहे. २००८ मध्ये मॅकडॉवेलनं बराक ओबामांना बहुमत दिलं. २०१२ मध्ये तिथंच मिट रॉमनी जिंकले आणि २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्पना चारातली तीन मतं मिळाली. आठ वर्षांत हे लोक अचानक वेगळे झाले नाहीत. कोळशाबद्दल कोण चांगलं बोलतंय तेवढं ते ऐकत होते.

आता जमीन. २०१३ च्या एका अभ्यासात वेस्ट व्हर्जिनियातल्या सहा काउंट्यांमध्ये खाजगी जमिनीचा किमान निम्मा भाग केवळ दहा मालकांकडे असल्याचं आढळलं. मॅकडॉवेल त्या सहांत आहे. मालक म्हणजे रेल्वेशी नातं असलेल्या जमीन कंपन्या, लाकूड कंपन्या, कोळशाच्या कंपन्या. मुख्यालयं दूरच्या शहरांत. १८८० च्या दशकात बाहेरच्या भांडवलदारांनी डोंगरी शेतकऱ्यांकडून जमीन आणि जमिनीखालचे हक्क किरकोळ भावात घेतले. ते व्यवहार आजही टिकून आहेत. लोकसंख्या शंभरातून वीसवर आली. मालकांची यादी तेवढी हलली नाही.

कोळसा अजूनही निघतो. पोलादासाठी लागणारा असल्यामुळे वीजघरं बंद झाली तरी त्याला गिऱ्हाईक आहे, आणि त्या गिऱ्हाइकांत भारत हे मोठं नाव. मुंबईत मुख्यालय असलेल्या जेएसडब्ल्यू स्टीलनं २०१० मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या काही कोळसा खाणी विकत घेतल्या होत्या. आपल्या पुलाच्या सळईत अपालाचियाचा अंश असणं अगदीच अशक्य नाही. पण खाण आता काही डझन माणसांत चालते, आणि मालगाडी भरून किनाऱ्याकडे जाताना वेल्चमधून जाते, थांबत नाही.

काही जण थांबले आहेत. शिक्षक संघटनेच्या पुढाकारानं २०११ मध्ये सुरू झालेल्या एका उपक्रमातून वेल्चमध्ये शिक्षकांना राहण्याजोगी नवी इमारत उभी राहिली. शिकवायला तयार असलेल्यांना भाड्यानं बरी खोलीच मिळत नव्हती. काउंटीतल्या कोलवुड गावी होमर हिकमच्या आठवणींचे वाचक येतात. खाण व्यवस्थापकाच्या या मुलानं रॉकेट उडवायचा ध्यास घेतला आणि पुढे तो नासात गेला. त्यावरचा ‘ऑक्टोबर स्काय’ हा सिनेमा १९९९ मध्ये गाजला. चित्रीकरण मात्र टेनेसीत झालं. मॅकडॉवेलच्या वाट्याला ती रोजगारीही आली नाही. आणि पूर येतात: २००१ ला आला, २००२ ला आला. १५ फेब्रुवारी २०२५ ला टग फोर्क पुन्हा गावांत शिरली, काउंटीत तीन जीव गेले, आणि आधीच न विकली जाणारी कित्येक घरं चिखलानं भरली.

अलीकडे काउंटीत नवा धंदा आला आहे. डोंगरातले खाणीचे जुने कच्चे रस्ते चार चाकांच्या धडधडत्या गाड्यांसाठी खुले केले आहेत. हे रस्ते बहुतेक त्याच जमीन कंपन्यांच्या जागेतून, त्यांच्या परवानगीनं जातात. ओहायोहून, कॅरोलायनाहून लोक ट्रेलरवर गाड्या लादून येतात. काही गावांनी त्या सरळ मुख्य रस्त्यावर चालवायला मुभा दिली आहे. कुणी आजोबांचं रिकामं घर रंगवून भाड्यानं देतं, कुणी न्याहारी करून देतं. शुक्रवारी संध्याकाळी घराघरांत दिवे लागतात. रविवारी दुपारी चिखलानं माखलेल्या गाड्या पुन्हा ट्रेलरवर चढतात आणि ५२ नंबरच्या वळणदार रस्त्यानं एकामागोमाग एक काउंटीबाहेर पडतात.